टाकाऊ आणि टिकाऊ यांच्या मधला माणूस

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी 'टाकाऊतून टिकाऊ' बनवलेलं असतं. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, फुटक्या बांगड्यांचं तोरण, करवंटीचं कासव. बाईंनी 'छान' असा शेरा दिला की ते कासव काही महिने टीव्हीवर बसायचं आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा टाकाऊ व्हायचं. तिथवर सगळं निरागस होतं.

आता तीच कल्पना मोठी होऊन 'अपसायकलिंग' हे नाव लावून परत आली आहे. ट्रकच्या ताडपत्रीच्या बॅगा, टायरचे मुढे, जुन्या दरवाज्यांची टेबलं, चिप्सच्या पाकिटांच्या पर्स, मदरबोर्डची घड्याळं. इन्स्टावर रील, मॉलमध्ये स्टॉल, गॅलरीत प्रदर्शन. किंमत विचारली की विक्रेता हसून सांगतो, 'सर, हे प्रॉडक्ट नाहीये, स्टोरी आहे.'

या स्टोरीवरच माझा आक्षेप आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग नीट बघा. त्यात कर्ता नाही. एका टोकाला टाकाऊ, दुसऱ्या टोकाला टिकाऊ, आणि मध्ये 'तून' हा एवढासा प्रत्यय. वेचणारी बाई, वजन करणारा भंगारवाला, निवडणारे, धुणारे, कापणारे हात, सगळे त्या 'तून'मध्ये गडप होतात. टिकाऊच्या टोकाला नाव फक्त एकाचं लागतं, डिझायनरचं.

म्हणून माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. टाकलेल्या वस्तूंपासून डिझाइन करणाऱ्यांनी, तो माल आपल्या टेबलापर्यंत ज्यांनी आणला त्यांचं नाव वस्तूवर लिहावं आणि किमतीत त्यांना वाटा द्यावा. हे करायचं नसेल तर जरूर करू नये. पण मग 'सस्टेनेबल', 'जबाबदार', 'जाणीवपूर्वक' हे शब्दही लेबलवर लावू नयेत. सुंदर, महाग, शोभेची वस्तू म्हणून विकावी. तशा वस्तूंवर माझा राग नाही.

झोपडीचं नाव, खुर्चीची किंमत

या क्षेत्रातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्राझीलचं आहे. साओ पाउलोमध्ये उंबेर्तो आणि फेर्नांदो काम्पाना हे दोघे भाऊ काम करायचे. उंबेर्तो कायदा शिकलेला, फेर्नांदो आर्किटेक्चर. १९९१मध्ये त्यांनी एक खुर्ची केली. लाकडाच्या लहानमोठ्या पट्ट्या एकावर एक, आडव्यातिडव्या, खिळे आणि गोंद लावून जोडलेल्या. हाताने जोडायची असल्यामुळे कुठल्याही दोन खुर्च्या एकसारख्या होत नाहीत. खुर्चीचं नाव 'फावेला', म्हणजे ब्राझीलमधली झोपडपट्टी. तिथले लोक मिळेल त्या फळकुटांतून ज्या पद्धतीने भिंती उभ्या करतात, ती पद्धत भावांनी उचलली. २००३पासून एद्रा ही इटलीतली कंपनी ती खुर्ची बनवून विकते. आज एका खुर्चीला काही लाख रुपये पडतात आणि ती जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवलेली आहे.

खुर्ची देखणी आहे, हे मान्यच करायला हवं. फर्निचर म्हणजे गुळगुळीत, चकचकीत, एकसारखं असतं ही समजूत तिने मोडली. मिलानमध्ये बसून 'चांगलं डिझाइन' म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांना साओ पाउलोच्या रस्त्याकडे बघायला लावलं. फेर्नांदो २०२२मध्ये गेला, तेव्हा जगभर त्याच्यावर आदराने लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही.

पण हिशोब करून बघू. खुर्चीचं तंत्र कुणाचं? झोपडी बांधणाऱ्याचं. नाव कुणाचं? त्याच्या वस्तीचं. तिच्याबद्दल बोलताना जी 'ऊर्जा', जी 'कल्पकता' वाखाणली जाते ती कुणाची? त्याचीच. सही कुणाची? काम्पाना बंधूंची. विक्री एद्राची. झोपडी बांधणारा या व्यवहारात प्रेरणा म्हणून हजर आहे. आणि प्रेरणेला मानधन देण्याची पद्धत कुठल्याच धंद्यात नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. झोपडीच्या भिंतीतली प्रत्येक फळी पाऊस, उंदीर, वारा, पैसे आणि पाडापाडीची भीती यांनी ठरवलेली असते. खुर्चीतली पट्टी नजरेला काय बरं दिसतं यावर ठरते. तेच तंत्र संग्रहालयात गेलं की त्याला 'कलात्मक' म्हणतात आणि वस्तीत राहिलं की 'अतिक्रमण'. हे फक्त ब्राझीलचं नाही. आपल्या शहरांत पत्रे, फ्लेक्स आणि जुन्या दरवाज्यांतून उभी राहिलेली घरं पाडायला बुलडोझर येतो, आणि त्याच शहरातल्या कॅफेत गंजका पत्रा आणि जुन्या दरवाज्यांचं इंटिरियर करायला वेगळे पैसे मोजले जातात.

हा रस्ता शेवटी कुठे जातो तेही फॅशनच्या दुनियेने दाखवून दिलंय. २०२२मध्ये बालेन्सियागाने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी बॅग बाजारात आणली. किंमत १,७९० डॉलर. ती होती वासराच्या नव्याकोऱ्या चामड्याची. म्हणजे कचरा वापरण्याचीही तसदी नाही, नुसतं त्याचं रूप घेतलं. वेचणारी माणसं तर सोडाच, तिथे कचराही शिल्लक राहिला नाही.

कचऱ्याचा कच्चा माल कोण करतं?

अपसायकलिंगच्या लेबलांवर एक समजूत पक्की बसलेली असते: कचरा आपोआप पडलेला असतो, आणि डिझायनर तो 'वाचवतो'. आमच्या ऑफिसात एकदा पर्यावरण दिनाला प्रत्येकाच्या टेबलावर चिप्सच्या पाकिटांपासून विणलेलं लॅपटॉप कव्हर ठेवलं होतं. सोबत एक कार्ड. या कव्हरमुळे किती पाकिटं 'वाचली' त्याचा आकडा कार्डावर होता, डिझाइन करणाऱ्या स्टुडिओचं नाव होतं, 'प्रेमाने बनवलेलं' असंही होतं. पाकिटं कुठल्या वस्तीत, कुणी, किती रुपये किलोने वेचली, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

प्रत्यक्षात कचऱ्याचा कच्चा माल करणं हे कौशल्याचं काम आहे. साधी पाण्याची बाटली घ्या. आपल्यासाठी ती एक वस्तू. वेचणाऱ्या बाईसाठी त्यात तीन वस्तू आहेत. बाटली पेट या प्लास्टिकची, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, बाहेरचं लेबल आणखी तिसऱ्याच कशाचं. ही सगळी वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. एकत्र वितळवली तर माल वाया जातो. म्हणून ती आधी सुटी करावी लागतात. पेट पाण्यात बुडतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, हे गोदामात काम करणाऱ्याला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नसतं. कुठलं प्लास्टिक कुठलं हे तो चुरगाळून, आवाज ऐकून, तुकडा जाळून वास घेऊन सांगतो. मी इंजिनिअरिंगला मटेरियलचा एक पेपर दिलाय. ती परीक्षा मी पास झालो, पण असा डोळे मिटून फरक मला आजही सांगता येणार नाही.

दुधाची पिशवी धुवून सुकवली की तिचा भाव वेगळा, आंबट वासाची असेल तर वेगळा. पुठ्ठा कोरडा हवा. पावसाळ्यात भिजला की भाव पडतो. काच हात कापते. चिप्सच्या पाकिटात निरनिराळे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारात त्याला जवळपास भावच मिळत नाही. म्हणजे स्टुडिओला 'फुकट' मिळणारी ती पाकिटं वेगळी काढताना वेचकाचा वेळ गेलेला असतो, आणि त्या वेळात तिने भाव मिळणारा दुसरा माल गोळा केला असता.

धारावीत, पुण्यात, दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हे काम रोज चालतं. सीलमपूरला तर तुमचा-माझा जुना फोन आणि संगणक हाताने सुटा होतो, आणि त्यातून तांबं काढताना निघणारा धूर तिथल्याच लोकांच्या छातीत जातो. मदरबोर्डचं घड्याळ बघून आपल्याला 'किती क्रिएटिव्ह' असं वाटतं. पण तो बोर्ड कुणीतरी आधी स्क्रू ड्रायव्हरने सोडवलेला असू शकतो, आणि तोही शोधून काढण्याएवढाच घड्याळाचा भाग आहे.

कोडला जमतं ते कव्हरला का जमत नाही?

माझ्या व्यवसायात फुकटचं साहित्य वापरणं नवीन नाही. आम्ही जे ॲप बनवतो त्यातलं निम्म्याहून जास्त दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं. जगात कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवलेला ओपन सोर्स कोड आम्ही उचलतो, जोडतो आणि त्यावर आपलं दुकान थाटतो. आम्हीही एक प्रकारचे जोडारीच.

पण या उचलण्याला एक नियम आहे. सगळ्यात मोकळ्या लायसन्सपैकी एक म्हणजे एमआयटी लायसन्स. एका पानात मावतं. ते म्हणतं, हा कोड वापरा, बदला, विका, काहीही करा. अट मुख्यतः एकच: मूळ लेखकाचं नाव सांगणारी ही सूचना काढू नका. ही अट पाळायला पैसे लागत नाहीत, म्हणून अब्जावधींच्या कंपन्याही ती पाळतात. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी 'ओपन सोर्स लायसन्सेस' असं पान असतं. उघडून बघा. स्क्रोल करून अंगठा दुखेल इतकी नावं आहेत. त्यातली बरीचशी तुम्ही कधी ऐकली नसतील, तरी ती तिथे आहेत.

आणि नाव का हवं हे आम्हाला २०१६च्या मार्चमध्ये नीट कळलं. एका डेव्हलपरने रागावून आपले सगळे पॅकेज काढून घेतले. त्यातलं एक जेमतेम अकरा ओळींचं होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरणं एवढंच त्याचं काम. ते गेलं आणि जगभरच्या हजारो प्रोजेक्टचं बिल्ड कोसळलं. अकरा ओळी कुणी लिहिल्या हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं.

पुण्यातल्या कचरावेचकांनी एक आठवडा सुट्टी घेतली तर काय होईल, याची कल्पना करून बघा. लॅपटॉप कव्हरचा स्टुडिओ चौथ्या दिवशी फोन करेल, 'मटेरियल का आलं नाही?' सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्याआधीच, दुसऱ्याच दिवशी आग लागेल.

मी ओपन सोर्सचं कौतुक करत सुटलो नाहीये. तिथेही फुकट राबणारे, थकलेले, पैशाविना सोडून गेलेले लोक आहेत. माझा मुद्दा तेवढ्यापुरता आहे: जिथे उचलणाऱ्याने नाव ठेवायचं ठरवलं, तिथे ते जमलं. कोट्यवधी ओळींत कुठली ओळ कुणाची हे आम्ही एका कमांडने सांगू शकतो. एका पर्सवर तीन ओळी जास्तीच्या छापणं अवघड आहे, हे मला पटत नाही.

'पण'ने सुरू होणारी उत्तरं

हे बोललं की तीन उत्तरं ठरलेली येतात.

पहिलं: पण मूल्य तर डिझायनरच निर्माण करतो ना? ताडपत्री दहा रुपयांची, बॅग दहा हजारांची, मधलं सगळं त्याचं डोकं. यात तथ्य आहे. झुरिकच्या मार्कुस आणि डॅनियल फ्रायटाग या भावांनी १९९३मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची बॅग केली. पट्ट्याला गाडीचा सीटबेल्ट, कडेला सायकलची ट्यूब. त्यांची एक बॅग न्यूयॉर्कच्या 'मोमा'च्या संग्रहात आहे. पण त्यांचा व्यवहार बघा. ट्रकवाल्यांकडून ताडपत्री विकत घ्यायला त्यांची माणसं नेमलेली आहेत. धुणं आणि कापणं झुरिकच्या त्यांच्याच कारखान्यात होतं, म्हणजे तिथल्या पगारात होतं. वस्तू महाग आहे, आणि त्या महागपणात घाण धुणाऱ्या माणसाचा पगार धरलेला आहे. आपल्याकडची पर्स महाग असते, आणि तिच्या महागपणात घाण धुणारी बाई बहुतेक वेळा धरलेलीच नसते. किंमत झुरिकची आणि मजुरी हडपसरची, असा हा मेळ आहे. मूल्य डिझायनर वाढवतो हे मान्य. पण शून्यापासून वाढवत नाही.

दुसरं: पण कचऱ्याचा माग कसा ठेवणार? एका गोणीत शंभर घरांचा माल असतो. अहो, दोनशे रुपयांची बिर्याणी कोण आणतंय त्याचं नाव, फोटो आणि तो कुठल्या सिग्नलला थांबलाय हे आपल्याला फोनवर दिसतं. कॉफीच्या पुड्यावर मळ्याचं नाव असतं. प्रत्येक पट्टीमागचा माणूस शोधा असं कुणी म्हणत नाही. कुठल्या संस्थेकडून किंवा कुठल्या गोदामातून माल घेतला, किलोला काय दर दिला, कुणी निवडला आणि कुणी विणला, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

अर्थात बिर्याणी आणणाऱ्याचं नाव दिसतं म्हणून त्याचं भलं झालंय असंही नाही. नुसतं नाव पुरत नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे, आणि ते ऐकताना आपल्याला आपली गोधडी आठवते.

अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या, जुन्या डेनिमच्या गोधड्या शिवत आल्या. थंडी होती, पैसे नव्हते, म्हणून शिवल्या. २००२मध्ये या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. समीक्षक भारावून गेले. आणि तिथे एक मोठी गोष्ट झाली: प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव होतं. 'लोककला, अज्ञात' नव्हे, पूर्ण नाव. २००६मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. गोधड्यांच्या नक्षीचे गालिचे आणि इतर वस्तू बाजारात आल्या. मग २००७मध्ये त्यातल्याच काही बायका कोर्टात गेल्या. आमच्या कामावर पैसे मिळवले जातायत आणि आमचा वाटा आम्हाला मिळत नाहीये, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२१मध्ये, गीज बेंडच्या बायकांनी एत्सी या साइटवर स्वतःची दुकानं उघडली.

या गोष्टीत माझ्या मागणीचे दोन्ही भाग आहेत. नाव आधी मिळालं. वाट्यासाठी भांडावं लागलं. आणि विक्रीचं दुकान स्वतःच्या हातात यायला पहिल्या प्रदर्शनापासून जवळजवळ वीस वर्षं गेली.

आता आपल्या गोधडीकडे बघा. आईच्या, आजीच्या जुन्या साड्या, आजोबांचं धोतर, आत जीर्ण चादरी, वरून धावदोरा. आजही कितीतरी गावांत आणि शहरांच्या कडेला मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. तुम्ही कपडे द्यायचे, त्या शिवणार. तीच जुन्या साड्यांची, धावदोऱ्याची चादर परदेशी वेबसाइटवर 'व्हिंटेज' म्हणून डॉलरमध्ये विकली जाते. उत्पादनाच्या माहितीत लिहिलेलं असतं, 'भारतीय स्त्रियांनी हाताने शिवलेली'. भारतीय स्त्रिया! सत्तर कोटींच्या आसपास आहेत की आम्ही. त्यातल्या कुणी?

तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं: पण यातून जागरूकता येते ना? याला मी सगळ्यात जास्त विरोध करीन.

जागरूकता कुणाची, आणि सुट्टी कुणाला?

चिप्सच्या पाकिटांची पर्स बघून मनात काय येतं? 'वा, कचऱ्याचंही सोनं होतं.' म्हणजे पुढचं पाकीट फाडताना अपराधी वाटायचं कारण उरत नाही. पुनर्वापर न होणारं पाकीट बाजारात आणायचं कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या सुंदर विणीखाली झाकला जातो. कंपनीचा लोगो मात्र पर्सवर चकाकत राहतो. तोही फुकट जाहिरात म्हणून.

हातमागावर अशी पाकिटं विणणाऱ्या पुण्यातल्या आणि इतर ठिकाणच्या लोकांबद्दल मला आदर आहे. विणणाऱ्या बायकांना त्यातून रोजगार मिळतो आणि जे काही प्लास्टिक नाल्यात जाण्यापासून वाचतं ते खरंच वाचतं. पण हाताच्या वेगाला मर्यादा आहे आणि पाकिटं भरणाऱ्या मशीनला नाही. एक पर्स विणून होईपर्यंत मशीनने किती पाकिटं भरली असतील याचा अंदाज बांधायला गणित लागत नाही. कायद्याने ही जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांत ते स्पष्ट आहे. म्हणून जागरूकता आणायचीच असेल तर ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून येऊ नये, कंपनीच्या दारापर्यंत पोहोचावी.

आणि तसं डिझाइन पुण्यात झालेलं आहे. ते कुठल्या स्टुडिओत झालं नाही.

पुण्यात १९९३मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. डॉ. बाबा आढाव यांचं नेतृत्व तिला लाभलं. नव्वदच्या दशकातच तिच्या सभासदांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. संस्थेचे मालक ते स्वतः. म्हणजे ज्यांना आपण 'कचरेवाले' म्हणतो, त्यांना 'कचरेवाले तर तुम्ही, आम्ही स्वच्छतावाले' असं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

त्यांच्यासमोर एक प्रश्न होता. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर लोक तसेच उघडे टाकतात, आणि ते रोज हाताने वेगळे करावे लागतात. त्यांनी दोन गोष्टी केल्या.

पहिली: जुन्या वर्तमानपत्राची एक पिशवी केली. पॅड त्यात घालायचा, बंद करायची आणि कचऱ्यात टाकायची. वेचणाऱ्या बाईला बाहेरून कळतं की आत काय आहे, हात लागत नाही. या पिशव्या वेचक बायकांनीच बनवल्या आणि विकल्या. कच्चा माल रद्दी. डिझाइनची गरज काय आहे हे बनवणारीला पक्कं माहीत, कारण तो त्रास तिच्याच हाताला होत होता. टाकाऊ वस्तूपासून बनलेली याहून चांगली डिझाइन वस्तू मला माहीत नाही, आणि माझ्या माहितीत तिच्यावर कुणी गुळगुळीत कागदावरचं पुस्तक काढलेलं नाही.

दुसरी: २०१३च्या महिला दिनाच्या सुमारास त्यांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरले आणि ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे परत पाठवून दिले. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. पुढे २०१६च्या घनकचरा नियमांत, पॅड आणि डायपर विकणाऱ्या कंपन्यांनी ते टाकण्यासाठी सोबत पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असं कलम आलं. आज पॅडच्या पाकिटात ती छोटी पिशवी दिसली तर तिच्यामागे या बायकांचं भांडण आहे हे लक्षात ठेवा.

जागरूकता म्हणतात ती ही. अंगावर घालून मिरवता येत नाही एवढंच.

कलाकारालाही हे जमतं. विक मुनीज या ब्राझीलच्याच कलाकाराने रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या अवाढव्य कचराडेपोवर तिथल्या वेचकांना सोबत घेऊन, त्यांच्याच गोळा केलेल्या वस्तूंतून त्यांची भव्य चित्रं केली. वेचकांना कामाचे पैसे मिळाले आणि चित्रांच्या विक्रीतली रक्कम त्यांच्या संघटनेला गेली. संघटनेचा नेता सेबास्तियाओ सांतोस लंडनच्या लिलावात स्वतः हजर होता, आणि चित्राच्या नावातही त्याचं नाव होतं. २०१०च्या 'वेस्ट लँड' या माहितीपटात हे सगळं आहे, जरूर बघा. २०१२मध्ये तो डेपो बंद झाला आणि तिथल्या लोकांपुढे रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न कला सोडवू शकत नव्हती. पण निदान तिने माणसांना 'प्रेरणा' म्हणून वापरून सोडून दिलं नाही. नाव दिलं, पैसे दिले.

तीन प्रश्न

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्याच वयाचे असणार. अशा वस्तू विकत घेणारे, भेट देणारे, ऑफिससाठी ऑर्डर करणारे आपणच आहोत. 'कॉन्शस कन्झ्युमर' म्हणून आपल्यालाच गोंजारलं जातं. तेव्हा पुढच्या वेळी स्टॉलवर तीन प्रश्न विचारा. हा माल कुणी वेचला आणि निवडला? त्याला किलोमागे काय दर दिला? आणि या किमतीतले किती रुपये त्याच्याकडे, आणि विणणाऱ्या-शिवणाऱ्या बाईकडे जातात?

उत्तर देणारे लोक आहेत. त्यांच्याकडून आनंदाने घ्या, घासाघीस न करता घ्या. जिथे उत्तर येणार नाही तिथे विक्रेता पुन्हा 'स्टोरी'कडे वळेल. त्याला म्हणा, स्टोरी छान आहे, फक्त त्यातली मुख्य पात्रं राहिली आहेत. ती लिहून आणा, मग घेतो.

आणि डिझायनर मित्रांनो, तुमच्याकडे एक साधी मागणी. प्रदर्शनात वस्तूखाली जी पाटी लावता, तिच्यावर तुमचं नाव, वर्ष आणि माध्यम असतं. माध्यमाच्या जागी तुम्ही लिहिता, 'टाकाऊ प्लास्टिक'. तिथे अजून एक ओळ मावते. ती लिहा: कुणी वेचलं.